मृत्यूचे भान आणि दानाचा निर्णय : सुरतेतील अवयवदानाचा अनुभव

सुरत शहराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात तो १६६४ आणि १६७० या दोन सालांपुरता शिकविला जातो. परंतु धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांना सुरत ठाऊक आहे ती रोजगाराची नगरी म्हणून. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आली आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अहिराणी बोलणारी मोठी वस्ती आहे. यंत्रमाग, कापडाची छपाई, साड्यांची बाजारपेठ, हिऱ्यांचे पैलू पाडण्याचे कारखाने यांवर या कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अपघात झाला, डोक्याला गंभीर इजा झाली, तर सीमेलगतच्या गावांतील रुग्णही पुष्कळदा सुरतेच्याच मोठ्या रुग्णालयात नेला जातो. त्यामुळे सुरतेच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांत मराठी माणसे नेहमीच असतात.

याच शहरात गेल्या वीस वर्षांत एक उल्लेखनीय सामाजिक बदल घडून आला आहे. मृत व्यक्तीचे अवयव दुसऱ्या रुग्णाला देण्यास संमती देणारी कुटुंबे तेथे एकामागून एक पुढे येत आहेत. हा बदल कसा घडला, कोणत्या समजुती त्याच्या आड आल्या आणि त्यांचे निराकरण कोणत्या रीतीने झाले, हे समजून घेणे महाराष्ट्रातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांना उपयुक्त ठरेल.

शहराने गाठलेला पल्ला

सुरतेत नेत्रदानाची चळवळ आधीपासून रुजलेली होती. मरणोत्तर डोळे देणे ही गोष्ट तेथील अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली होती. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची गोष्ट मात्र निराळी होती. कापड व्यवसायातील श्री. निलेश मांडलेवाला यांनी आपल्या वडिलांच्या मूत्रपिंडविकारात डायलिसिसवरील रुग्णाचे जिणे जवळून पाहिले होते. त्यांनी २००५-०६ च्या सुमारास मूत्रपिंडदानाच्या प्रचारास आरंभ केला आणि २०१४ मध्ये ‘डोनेट लाइफ’ ही संस्था उभी राहिली. प्रचारपत्रके वाटणे हा या कामाचा लहानसा भाग होता. एखाद्या रुग्णालयात मेंदूमृत्यू झाल्याचे कळताच तेथे जाऊन बसणे, नातेवाइकांशी बोलणे, कागदपत्रे, पोलीस, विमानतळ आणि अंत्यविधीपर्यंतची सर्व व्यवस्था पाहणे, हा खरा भाग होता. २०२२ पर्यंत या शहरातून मिळालेल्या अवयवांची व नेत्रादी ऊतींची संख्या एक हजाराच्या पुढे गेली.

डिसेंबर २०१५ मध्ये सुरतेहून एक हृदय विमानाने मुंबईस नेण्यात आले व मुलुंड येथील रुग्णालयात त्याचे रोपण झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये चौदा महिन्यांच्या एका बालकाचे हृदय याच मार्गाने मुंबईस गेले आणि साडेतीन वर्षांच्या एका मुलीला मिळाले. त्याच वर्षी सुरतेत किरण हॉस्पिटल सुरू झाल्यावर अवयवरोपणाची सोय पुढे शहरातही झाली. तोपर्यंत सुरतेत मिळालेली मूत्रपिंडे प्रायः अहमदाबादच्या मूत्रपिंडविकार संस्थेकडे पाठवावी लागत. ही संस्था डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी नावारूपास आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर अवघ्या पाच दिवसांच्या अर्भकाच्या आईवडिलांनी संमती दिली. आपल्या बाळाचा चेहरा अजून पुरता ओळखीचाही झाला नव्हता, अशा वेळी त्या दोघांनी घेतलेला हा निर्णय कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलका आहे.

सुरतेची माणसे इतरांपेक्षा अधिक उदार आहेत, असा याचा अर्थ काढणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. उदारपणा आपल्याही गावांत कमी नाही. वर्गणी, अन्नदान, रक्तदान यांत आपली गावे कोठेही मागे नसतात. उणीव असते ती एका वेगळ्याच गोष्टीची. आपला माणूस मरण पावला आहे हे कुटुंबाला नीट समजलेले नसते. ते समजण्यापूर्वीच कोणी अवयव मागितले, तर ते दान राहत नाही. जिवंत माणसावरचा घाला वाटतो.

श्वास चालू, पण माणूस गेलेला

नातेवाइकांची अडचण समजून घेतली पाहिजे. मरण म्हणजे श्वास थांबणे, अंग गार पडणे, नाडी न लागणे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. अतिदक्षता विभागात मात्र निराळेच दृश्य दिसते. छाती वर-खाली होत असते. हात उबदार लागतो. यंत्राच्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची रेषा धावत असते. आणि डॉक्टर सांगतात की, रुग्ण ‘ब्रेन डेड’ झाला. ऐकणारा मनाशी अर्थ लावतो, की मेंदू गेला, पण माणूस आहे; बेशुद्ध आहे, कदाचित शुद्धीवर येईल. या एका अर्धवट शब्दाने जितका घोटाळा केला आहे, तितका अंधश्रद्धेनेही केला नसेल.

वस्तुस्थिती अशी आहे. मेंदूच्या तळाशी, मानेच्या बाजूस, मस्तिष्कस्तंभ नावाचा भाग असतो. श्वास घेण्याची आज्ञा तेथून सुटते. जागेपणाचे केंद्रही तेथेच असते. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा फार सूज आली, तर कवटीतील दाब वाढून मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि हा भाग कायमचा निकामी होतो. त्यानंतर मनुष्य स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते, त्याची विद्युत्-व्यवस्था त्याच्यापाशीच असते. प्राणवायू मिळत राहिला, तर ते काही तास, क्वचित काही दिवस चालते व मग थांबते. फांदी झाडापासून तुटली तरी तिची पाने दिवसभर हिरवी दिसतात, त्यातला हा प्रकार आहे.

कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन अवस्था म्हणूनच वेगळ्या आहेत. कोमातील रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो. तो बहुधा स्वतः श्वास घेतो आणि त्याच्या बरे होण्याची शक्यता कमी-अधिक असतेच. वर्षानुवर्षे कोमात राहून माणूस उठून बसला, अशा बातम्या वाचनात येतात त्या अशा रुग्णांच्या. मेंदूमृत्यूचे निदान नियमानुसार झाल्यावर परत आलेला माणूस नाही.

हे निदान एका डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने ते करावे लागते. त्यात रुग्णालयाचे प्रमुख, शासनाने मान्यता दिलेल्या नामिकेतील तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर असतात. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसेल, तर शल्यचिकित्सक, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचे तज्ज्ञ यांपैकी मान्यताप्राप्त व्यक्तीस घेता येते. अवयवरोपण करणाऱ्या तुकडीतील कोणीही या मंडळात असू शकत नाही, ही अट विशेष महत्त्वाची आहे. रुग्ण गुंगीच्या औषधांच्या अंमलाखाली नाही, त्याचे शरीर अतिशय थंड पडलेले नाही, याची आधी खात्री केली जाते. मग बाहुलीवर प्रकाश टाकून, बुबुळाला कापसाचा स्पर्श करून, कानात थंड पाणी सोडून, घशात नळीने चाळवून काही प्रतिसाद येतो का, हे पाहतात. शेवटी श्वासाची परीक्षा होते. प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात. रक्तात कार्बन डायॉक्साइड वाढू लागला की, जिवंत मस्तिष्कस्तंभ श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. तेवढे होऊनही छाती हलली नाही, तर निष्कर्ष स्पष्ट होतो. आणि एवढ्यानेही भागत नाही. किमान सहा तासांनंतर या सर्व चाचण्या पुन्हा केल्या जातात.

एक बाब मुद्दाम सांगावयास हवी. मेंदूमृत्यूनंतरही क्वचित हाताची बोटे हलतात, पाय आखडतो. ही हालचाल पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची असते. आधी सांगितले नसेल, तर ती पाहून आईवडिलांच्या काळजाचे पाणी होते व डॉक्टरांवरील विश्वास क्षणात उडतो.

विचारायचे कसे

सुरतेच्या अनुभवाचे सार याच ठिकाणी आहे. मृत्यूची वार्ता आणि अवयवदानाची विनंती ही दोन्ही एकाच श्वासात सांगावयाची नसतात. आधी मृत्यू सांगितला जातो. नातेवाइकांना रुग्णाजवळ जाऊ दिले जाते, त्यांच्या शंका ऐकल्या जातात, गावाकडून वडीलधारी मंडळी येईपर्यंत थांबले जाते. घरच्यांनी मृत्यू स्वीकारला असे दिसल्यावर मगच, आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टराखेरीज दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून, दानाचा विषय निघतो. २०११ च्या दुरुस्तीनंतर अशा समन्वयकाची नेमणूक नोंदणीकृत रुग्णालयांस बंधनकारक झाली आहे आणि दानाचा पर्याय कुटुंबाला सांगणे हे अतिदक्षता विभागाचे कर्तव्य ठरले आहे.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. शिरपूर किंवा साक्रीकडून रात्रीच्या गाडीने आलेल्या आजीला गुजरातीतून किंवा इंग्रजीमिश्रित हिंदीतून सांगितलेले कितपत उमगणार? तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारा कोणी असेल, तर तिचा निर्णय होकाराचा असो की नकाराचा, तो समजून घेतलेला असतो. कागदावर सही करणारा पती किंवा मुलगा असला, तरी अनेक घरांत अंतिम शब्द अशा वडील स्त्रीचाच असतो, हे अनुभवी कार्यकर्ते जाणतात.

स्पेन देशाचा दाखला येथे उपयोगी पडेल. जगात मरणोत्तर अवयवदानाचे प्रमाण तेथे सर्वाधिक असून दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळीसहून अधिक दाते मिळतात. भारतात हे प्रमाण अद्याप एकाच्याही खाली आहे. हयातीत नकार न नोंदविलेल्या प्रत्येकाची संमती गृहीत धरावी, असा कायदा स्पेनमध्ये १९७९ पासून आहे, आणि त्यामुळेच हे साधले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात संख्या वाढली ती १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना उभारून रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यानंतर. कायदा काहीही म्हणो, तेथे आजही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

समजुती आणि भीती

डोळे दिले तर पुढील जन्मी आंधळेपण येईल, अवयव काढलेल्या देहाला गती मिळत नाही, या समजुती सुरतेतही होत्या आणि आहेत. त्यांची टर उडवून काही साधत नाही. सुरतेत तापीकाठी अश्विनीकुमार घाट आहे. दानशूर कर्णाचे दहन याच भूमीवर झाले, अशी तेथील लोकांची श्रद्धा असून तेथला तीन पानांचा वड ते त्याच कथेशी जोडतात. अंगाला जन्मतः चिकटलेली कवचकुंडले स्वतःच्या हाताने कापून देणारा हा पुरुष. त्याला गती मिळाली नाही, असे कोणी म्हणत नाही. अस्थी देणारे दधीची ऋषी, मांस कापून देणारा शिबी राजा यांच्या कथा कीर्तनातून ऐकलेल्या माणसाला देहाचा अंश देणे हे धर्मबाह्य आहे, असे सांगणे वस्तुतः अवघड आहे. इतर धर्मांतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९८२ मध्ये अवयवरोपणास अनुमती दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये रोम येथे भरलेल्या रोपणशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अवयवदानाचा गौरव केला. मुस्लिम विद्वानांत मेंदूमृत्यूबाबत मतभेद अद्याप आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ज्याच्या मनात शंका असेल, त्याने आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

देह विद्रूप होईल ही भीती मात्र श्रद्धेची नव्हे, मायेची आहे. अवयव शस्त्रक्रियागृहात, नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या रीतीने काढतात व जखम टाके घालून बंद करतात. नेत्रदानात पापण्या मिटलेल्याच राहतात. देह स्नान घालून, वस्त्र नेसवून दर्शनासाठी ठेवता येतो. अंत्यविधीस काही तासांचा उशीर होतो, हे खरे आहे, आणि ते आधीच सांगणे इष्ट. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन व पोलीस पंचनामा टळत नाही. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसल्याने खोळंबा होई. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने अवयवदानाच्या प्रकरणी रात्रीही ते करण्यास अनुमती दिल्याने ही अडचण दूर झाली.

गरिबाने द्यावे, श्रीमंताने घ्यावे?

सर्वांत कठीण प्रश्न अविश्वासाचा आहे. अवयव मिळावेत म्हणून डॉक्टर उपचारात कसूर करतील, अवयव विकले जातील, गरिबाचे मूत्रपिंड धनिकाच्या पोटात जाईल, असे लोक उघड बोलत नाहीत, पण मनात धरतात. ही शंका निराधार म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मूत्रपिंडांच्या चोरट्या व्यापाराची प्रकरणे महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत उघडकीस आलेली आहेत. ती मुख्यतः जिवंत दात्यांची होती. खोटे नाते दाखवून गरजू माणसाचे मूत्रपिंड विकत घेतले गेले होते. असल्या व्यवहारास आज पाच ते दहा वर्षांपर्यंत कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. मृताचे अवयव कोणाला द्यावयाचे हे रुग्णालय किंवा कुटुंब ठरवीत नाही. राज्याच्या प्रतीक्षायादीतून रक्तगट, निकड, प्रतीक्षेचा काळ व अंतर पाहून ते ठरते. महाराष्ट्रात हे काम मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय अवयवरोपण समन्वय केंद्रे करतात.

तरीही प्रश्नाचा एक भाग उरतोच. यादी पैसा पाहत नाही. परंतु ज्याला शस्त्रक्रियेचा व पुढील आयुष्यभराच्या औषधांचा खर्च झेपत नाही, तो यादीपर्यंत पोहोचतच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. मुंबईच्या के.ई.एम. सारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. हृदय व यकृत यांच्या रोपणाचा खर्च मात्र याहून कितीतरी अधिक आहे. देणाऱ्या कामगाराच्या घरातील माणसाला उद्या गरज पडली तर तेही घेऊ शकेल, असे होईल तेव्हाच या शंकेला पुरते उत्तर मिळेल. डिसेंबर २०२० मध्ये सुरतेतील अडीच वर्षांच्या एका मुलाचे हृदय व फुप्फुसे चेन्नईस नेण्यात आली आणि ती रशिया व युक्रेन येथील दोन बालकांना मिळाली, तेव्हाही काहींनी भुवया उंचावल्या. योग्य भारतीय रुग्ण नसेल तरच परदेशी रुग्णाचा विचार होतो, असा नियम आहे. तो नियम आधीच लोकांना सांगितलेला असेल, तर अशी कुजबुज होत नाही.

प्रसिद्धीचाही विचार करावयास हवा. सुरतेत दात्याच्या कुटुंबाचा सत्कार होतो, रुग्णालयाचे कर्मचारी दुतर्फा उभे राहून मृताला मानवंदना देतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. त्यामुळे विषय घराघरांत पोहोचला, यात संशय नाही. परंतु शोकाच्या घरात कॅमेरा किती आत न्यावा, यालाही मर्यादा आहे. दाता व ग्राही यांनी एकमेकांची नावे जाणू नयेत, ही अनेक देशांत पाळली जाणारी रीत शहाणपणाची आहे, कारण कृतज्ञतेचे ओझे दोन्ही घरांना पेलतेच असे नाही.

घरातील स्त्री आणि तिचे मूत्रपिंड

मरणोत्तर दान वाढले नाही, तर गरज कोण भागविते, हे पाहिले पाहिजे. देशात २०१३ मध्ये सर्व प्रकारची मिळून पाच हजारांहून कमी अवयवरोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती अठरा हजारांवर गेली. यांतील बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले असतात. मृत दाते त्या वर्षी सबंध देशात अकराशेच्या आसपासच होते. आणि जिवंत दात्यांत पाचांपैकी सुमारे चार स्त्रिया, तर अवयव मिळणाऱ्यांत पाचांपैकी सुमारे चार पुरुष असे आढळून आले आहे. पत्नी पतीला देते, आई मुलाला देते. पत्नीला गरज पडली, तर मात्र “घर चालविणाऱ्याला धोका नको” असे ठरते. यात प्रेम नाही असे नाही. पण नकार देण्याचे स्वातंत्र्य तिला किती होते, हे विचारावयास हवे. एका मृत व्यक्तीकडून हृदय, यकृत, स्वादुपिंड, आतडे, दोन फुप्फुसे आणि दोन मूत्रपिंडे असे आठपर्यंत अवयव मिळू शकतात. असा प्रत्येक दाता दोन घरांतील दोन स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्यापासून वाचवू शकतो.

कायद्याची वाट

या विषयात मुंबई प्रांत प्रथमपासून पुढे होता. सुरत आणि सातारा एकाच राज्यात होते, त्या काळात, १९५७ साली, मुंबई राज्याने नेत्रपटलरोपणाचा कायदा केला. फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. बर्नार्ड यांच्या केपटाउन येथील पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूला तेव्हा भारतात कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयवरोपण अधिनियमाने मिळाली व महाराष्ट्रात हा कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये लागू झाला. मुंबईत पुन्हा हृदयरोपण होण्यास ऑगस्ट २०१५ उजाडला. त्या वेळी हृदय पुण्याहून आले होते. चार महिन्यांनी ते सुरतेहून आले.

गावात करण्याजोगे

अवयवदान घरी घडलेल्या मृत्यूत होऊ शकत नाही, ही गोष्ट ग्रामस्थांनी ध्यानी घ्यावी. त्यासाठी मेंदूमृत्यू अतिदक्षता विभागात व नोंदणीकृत रुग्णालयात व्हावा लागतो. काढलेले हृदय व फुप्फुसे चार ते सहा तासांत, यकृत सुमारे बारा तासांत, मूत्रपिंड साधारण एका दिवसात दुसऱ्या देहात बसवावे लागते. रस्त्यावरील वाहने थांबवून रुग्णवाहिकेला मोकळा मार्ग दिला जातो, तो यासाठी.

नेत्रदान मात्र कोणत्याही गावात, कोणत्याही घरी होऊ शकते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे. तोपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करावे, पंखा बंद ठेवावा. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह होता, वय ऐंशी होते, यांपैकी काहीही सहसा आड येत नाही. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जवळच्या नेत्रपेढीच्या दूरध्वनी क्रमांकासह लावता येईल. आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील यांना ती तोंडपाठ असावी.

शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात मेंदू व श्वसनसंस्था शिकविताना कोमा आणि मेंदूमृत्यू यांतील भेद दहा मिनिटे समजावून सांगितला, तर पुढे कधी रुग्णालयाच्या ओट्यावर घरात तो सांगू शकणारा कोणीतरी असेल.

संकल्पाची नोंदणी राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने करता येते व त्यास शुल्क नाही. संघटनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४७७० असा आहे. पासष्ट वर्षांपुढील रुग्णांना मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविता येत नसे, ती अट आणि राज्याच्या अधिवासाची अट केंद्र शासनाने २०२३ मध्ये काढून टाकली. त्यामुळे नंदुरबारच्या रुग्णाला सुरतेत वा अहमदाबादेत नाव नोंदविण्यास अधिवासाची अडचण राहिलेली नाही. संकल्पपत्र भरणाऱ्याने ते कपाटात ठेवून देऊ नये. पती किंवा पत्नी, मुले, आईवडील यांना समोर बसवून आपली इच्छा सांगावी, कारण प्रत्यक्ष वेळी सही त्यांचीच लागते आणि कार्ड असूनही घरच्यांनी नकार दिला, तर अवयव घेतले जात नाहीत. मन बदलल्यास संकल्प केव्हाही मागे घेता येतो. त्यासाठी कारण देण्याची आवश्यकता नाही.